वृद्धाश्रमातून किंवा शुश्रूषा केंद्रातून घरी परतताना : कोणते काम आधी, कोणते नंतर

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या आई-वडिलांना, आत्या-काकांना घरी परत आणण्याचे बेत बहुधा गणपतीत नाहीतर दिवाळीत ठरतात, कारण पुण्या-मुंबईची भावंडे तेव्हाच एकत्र भेटतात. भाऊबीज झाली की पाहुणे परततात, घरात एकटी सून किंवा एकटा मुलगा उरतो, आणि मार्गशीर्ष संपायच्या आत त्याच व्यक्तीला त्याच केंद्रात पुन्हा पोहोचवावे लागते, कधी पाठीवर नवी जखम घेऊन तर कधी खुब्याचे हाड मोडून. अशा कुटुंबांत माया कमी असते असे नाही. तारीख आधी ठरते, संडासातला दांडा नंतर बसतो आणि रात्री कोण उठणार हे कोणी विचारतच नाही. म्हणून खालील क्रमात तारीख ठरवण्याचे काम सहाव्या टप्प्यात ठेवले आहे, आणि ते तिथेच ठेवावे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. घरी परतणे म्हणजे मुलाच्याच घरी जाणे असे नाही. स्वतःच्या जुन्या घरात डबा लावून राहणे, बहिणीच्या शेजारी तळमजल्यावर खोली घेणे, मुलीकडे राहणे, दोन-तीन समवयस्कांनी एकाच मावशींच्या मदतीने एकत्र राहणे हेही पर्याय आहेत, आणि काही जणांना ते अधिक मानवतात.

## टप्पा १ : मन विचारणे आणि जुने कारण शोधणे

संबंधित व्यक्तीशी एकांतात बोलावे. मुलगा शेजारी आणि व्यवस्थापक समोर असताना ‘तुम्हाला घरी यायचंय ना?’ असे विचारले, तर मिळणारे उत्तर कोणाच्याच कामाचे नसते. कुठे राहायचे आहे, कोणाबरोबर राहायचे आहे आणि तिथे गेल्यावर कशाची भीती वाटते, एवढे तीन प्रश्न पुरेत. आठ-दहा दिवसांनी हेच प्रश्न पुन्हा विचारावेत, कारण पहिले उत्तर त्या दिवशीच्या जेवणावर किंवा खोलीतल्या भांडणावरही अवलंबून असू शकते. स्मृतिभ्रंश असेल तरी प्रश्न टाळू नयेत. वाक्य पूर्ण करता न येणारी व्यक्तीसुद्धा विशिष्ट नाव ऐकताच हात घट्ट धरते किंवा तोंड फिरवते, आणि त्यातून पुष्कळ कळते.

त्यानंतर केंद्रात का जावे लागले, याचे खरे कारण एका ओळीत लिहावे. खुब्याचे ऑपरेशन झाले होते, मुलाची बदली झाली होती, संडास वाड्याच्या मागच्या अंगाला होता, सासू-सुनेचे पटत नव्हते, रात्री घराबाहेर पडण्याची सवय लागली होती, असे ते काहीही असेल. ते कारण आज उरले आहे का आणि उरले असेल तर काय बदलले आहे, याचे उत्तर सापडेपर्यंत पुढचे टप्पे हाती घेऊ नयेत.

सावधान : ‘मला इथेच राहायचं आहे’ असे उत्तर आले तर तेही उत्तर मानावे. गावात लोक काय म्हणतील या भीतीपोटी एखाद्याला तिथून उचलून आणणे ही जबरदस्तीच होय.

## टप्पा २ : गरजांची यादी, आणि केंद्रातच एक अहोरात्र

‘तशा त्या बऱ्या आहेत’ या वाक्यावर घरची व्यवस्था उभी राहत नाही. पलंगावरून खुर्चीत येण्यास किती जणांची मदत लागते, संडासाला स्वतः जाता येते का, रात्री किती वेळा उठावे लागते, डायपर लागतो की नळी घातली आहे, जेवण गिळताना ठसका लागतो का, इन्सुलिन कोण आणि केव्हा देते, पाठीवर, टाचेवर किंवा कुल्ल्यावर लाल डाग अथवा जखम आहे का, हे सर्व काळजी घेणाऱ्या परिचारिकेकडून आणि मावशींकडून विचारून लिहून घ्यावे. व्यवस्थापकापेक्षा रात्रपाळीच्या मावशींना हे अधिक नेमके ठाऊक असते.

घरी प्रत्यक्ष काळजी घेणार असलेल्या माणसाने त्यानंतर परवानगी घेऊन एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र केंद्रात राहावे आणि सर्व कामे स्वतःच्या हाताने करावीत. मावशींनी फक्त बाजूला उभे राहून चुका सांगाव्यात. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते, हे वाचून कळते; पहाटे चार वाजता ते करून पाहिले की समजते. या एका रात्रीमुळे बरेच अवास्तव बेत थांबतात आणि काही डळमळीत बेत पक्के होतात.

औषधांच्या बाबतीत वेगळी बैठक डॉक्टरांशी करावी. प्रत्येक गोळी कशासाठी आहे, ती पुढे किती दिवस घ्यायची आहे आणि कोणती आता बंद करता येईल, हे विचारावे. झोपेची गोळी चालू असेल तर ती रुग्णाच्या गरजेपोटी सुरू झाली की खोलीतल्या इतरांची झोपमोड होऊ नये म्हणून, हेही स्पष्टपणे विचारावे. मात्र अशी गोळी घरी आणल्यावर आपल्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे आहे. ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच कमी करावी लागते.

तपासणी : घरी काळजी घेणाऱ्या माणसाने यादी न पाहता औषधांच्या वेळा सांगता आल्या पाहिजेत, आणि एकट्याने कूस बदलून दाखवता आली पाहिजे.

## टप्पा ३ : रात्र कोणाची, पैसा कोणाचा

बहुतेक बेत याच टप्प्यावर फसतात, म्हणून येथे घाई करू नये.

एका कागदावर आठवड्याचे सात दिवस आणि प्रत्येक दिवसाचे चार भाग पाडावेत : सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक चौकटीत एका माणसाचे नाव लिहावे. ‘आम्ही सगळे मिळून’ असे लिहिलेली चौकट रिकामी समजावी. बहुतेक घरांत हा कागद भरताना अठ्ठावीसपैकी वीस-बावीस चौकटींत सुनेचेच नाव येते आणि ती त्या बैठकीत चहा करत असते. तिला बैठकीत बसवून, तिच्या तोंडून होकार किंवा नकार ऐकून, तिच्या कामाचा मोबदला आणि तिची सुटी ठरवल्याशिवाय हा कागद अंतिम करू नये. आठवड्यातून किमान अर्धा दिवस मुख्य काळजीवाहू व्यक्ती घराबाहेर असलीच पाहिजे, आणि त्या अर्ध्या दिवसाच्या चौकटीतही दुसऱ्या कोणाचे तरी नाव हवे.

पगारी मदत घेताना काळजीसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत येणाऱ्या मावशी किंवा मामा आणि ओळखीतून येणारी व्यक्ती असे दोन मार्ग असतात. दोन्हींत आधार कार्डाची प्रत घ्यावी, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी आणि कामे लेखी ठरवावीत : स्वयंपाक कोणासाठी, कपडे कोणाचे, रात्री किती वेळा उठणे अपेक्षित आहे, महिन्याला सुट्या किती. आपल्या भागात भांगलण, हळद काढणी आणि उसाचा हंगाम असताना खेड्यापाड्यांत मदतीला बायका मिळणे कठीण होते, आणि गावच्या यात्रेला तर त्या जाणारच. म्हणून बदली माणसाचे नाव पहिल्या दिवसापासून हाताशी असावे. अंगावरच्या दागिन्यांची यादी करून ते आधीच बँकेत ठेवले, तर पुढचे संशय आणि भांडणे दोन्ही टळतात.

खर्चाचा हिशेब करताना केंद्राची मासिक फी आणि मावशींचा पगार एवढीच तुलना केली जाते आणि ती फसवी ठरते. डायपर, औषधे, फिजिओथेरपी, रक्ततपासणी, एअर बेड (विजेवर चालणारी हवेची गादी) अहोरात्र चालू असल्यास त्याचे वीजबिल, बदली मावशींचे पैसे आणि काळजीसाठी कोणी नोकरी किंवा रोजगार सोडणार असेल तर ते उत्पन्न, हे सर्व धरावे. तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा. भावंडांचे वाटे लिहून काढावेत आणि रक्कम दर महिन्याच्या ठरावीक तारखेला एकाच खात्यात जमा व्हावी. ‘लागेल तेव्हा सांग’ या आश्वासनाचा उपयोग होत नाही.

मुले ऐपत असून वाटा उचलत नसतील तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ खाली प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्ज स्वतः ज्येष्ठ व्यक्तीने किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीने वा संस्थेने करायचा असतो. कायद्यानुसार नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे आणि निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे.

सावधान : घरी आणण्याच्या बोलीवर घर किंवा जमीन बक्षीसपत्राने नावावर करून देऊ नये. करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहावी. ती अट पाळली गेली नाही तर वरील कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते; अट केवळ तोंडी असेल तर लढाई अवघड होते.

## टप्पा ४ : घर तयार करणे

सुरुवात संडास-बाथरूमपासून करावी. खोलीला रंग देणे सर्वांत शेवटी. पलंगापासून संडासापर्यंतची वाट रात्रीच्या अंधारात चालून पाहावी आणि वाटेत येणारा प्रत्येक उंबरा, पायपुसणे, वायर आणि ओली शहाबादी फरशी टिपून ठेवावी. साताऱ्याच्या पेठांतील किंवा सांगलीच्या गावभागातील जुन्या वाड्यांत न्हाणी एका टोकाला आणि संडास दुसऱ्या टोकाला असतो. तिथे बांधकामात पैसे घालण्याऐवजी पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

आधाराचा दांडा जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर, भिंतीत भक्कम खिळवून बसवावा. टॉवेलचा दांडा किंवा फरशीला हवेने चिकटणारी मूठ आधार म्हणून वापरू नये. अंगाचा भार पडताच दोन्ही निखळतात. पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. चाकाची खुर्ची येणार असेल तर दाराची मोकळी रुंदी सुमारे ३२ इंच हवी, आणि पायरीच्या जागी उतार करायचा तर एक इंच उंचीला किमान एक फूट लांबी ठेवावी. उतारासाठी अंगणात जागा पुरत नाही असे बहुतेक ठिकाणी लक्षात येते. तेव्हा तीव्र उतार करण्यापेक्षा दोन माणसांनी खुर्ची उचलणे बरे. वॉकरची मूठ, हात सरळ खाली सोडला असता, मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यावी.

पाणी आणि पाऊस यांचा विचार गावागणिक वेगळा करावा लागतो. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत उन्हाळ्यात पाणी टँकरने येत असेल, तर अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या धुण्यापुसण्यासाठी वेगळा साठा हवा. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. चादरींचे जादा जोड घ्यावेत आणि कातडी ओलसर राहू देऊ नये. सांगलीत कृष्णाकाठी घर असेल तर पुराच्या वेळी कोणाच्या घरी हलवायचे हे आधीच ठरवून ठेवावे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, परंतु न चालणाऱ्या माणसाने इशारा पातळीची वाट पाहू नये. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आणि वरचा पाऊस एवढ्यावरच बाहेर पडावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत वरच्या मजल्यावर अडकलेल्या वृद्धांना होडीत उतरवणे किती कठीण असते, हे त्या भागातल्या लोकांना सांगायला नको.

तपासणी : घरातल्या धडधाकट माणसाने एका पायावर भार न देता, फक्त दांड्यांच्या आधाराने, पलंग ते कमोड आणि परत असा प्रवास करून पाहावा. जिथे हात आधार शोधतो तिथे दांडा कमी आहे.

## टप्पा ५ : कागदपत्रे

हे काम कंटाळवाणे असले तरी घर तयार होत असतानाच उरकता येते.

- आधारवरील पत्ता केंद्राचा झाला असल्यास तो बदलावा, आणि मोबाइल क्रमांक चालू आहे याची खात्री करावी.
- रेशन कार्डात नाव आहे का आणि त्याची ई-केवायसी झाली आहे का, हे दुकानात विचारावे. बोटांचे ठसे उमटत नसतील तर तसे आधीच सांगावे.
- श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे अनुदान मिळत असेल तर बदललेला पत्ता तहसील कार्यालयात कळवावा. मिळत नसेल आणि वय ६५ पूर्ण असून कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत असेल, तर अर्ज करावा.
- निवृत्तिवेतन असल्यास नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला कोण आणि कसा देणार हे ठरवावे. चेहऱ्याच्या ओळखीवरून तो मोबाइलवरही देता येतो.
- वय ७० पूर्ण असल्यास उत्पन्न कितीही असले तरी आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते; त्यात वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. जवळचे कोणते रुग्णालय या योजनेत आहे हे कार्ड काढतानाच विचारावे. दुखण्याच्या रात्री शोधत बसू नये.

केंद्राकडून उपचारांची पूर्ण फाइल, अनामत रकमेची पावती, पासबुक आणि मूळ ओळखपत्रे मागून घ्यावीत. बँक खात्यावर दुसरे नाव घालायचे असेल तर ते ज्येष्ठ व्यक्तीच्या इच्छेने आणि तिच्या समक्षच व्हावे.

## टप्पा ६ : चाचणी मुक्काम, मग तारीख

केंद्रातली जागा राखून ठेवण्याचे लेखी ठरवून पाच ते सात रात्रींसाठी घरी आणावे. हा मुक्काम सणात, लग्नसराईत किंवा सुटीत ठेवू नये; घरातील मुले शाळेत जात आहेत, कारखान्याची पाळी चालू आहे, नळाला ठरलेल्या वेळीच पाणी येते आहे, अशा साध्या आठवड्यात ठेवावा. रोज चार गोष्टी वहीत लिहाव्यात : झोप, जेवण, शौच-लघवी आणि पडणे किंवा पडता पडता वाचणे. पाचवी गोष्ट म्हणून घरातल्या माणसांची चिडचिड कधी झाली तेही लिहावे. ती लिहायला लाज वाटते, पण पुढे तीच कामाला येते.

मुक्काम संपल्यावर परत केंद्रात जाताना त्या व्यक्तीला ‘पुन्हा टाकलं’ असे वाटू शकते. म्हणून हा मुक्काम तात्पुरता असल्याचे जाण्यापूर्वी, मुक्कामात आणि परतताना स्पष्ट सांगावे, आणि दोन दिवसांत भेटायला जावे. वहीत सापडलेल्या अडचणी दूर झाल्या, तिसऱ्या टप्प्यातील कागदावर एकही चौकट रिकामी उरली नाही, की मग तारीख ठरवावी.

सावधान : चाचणी मुक्काम चांगला गेला म्हणून ‘आता कशाला परत न्यायचं’ असे म्हणत तिथेच थांबवून ठेवण्याचा मोह फार होतो. उणिवा दुरुस्त करण्याची संधी त्यामुळे हातची जाते आणि केंद्राशी संबंधही बिघडतात.

## टप्पा ७ : निघण्याचा दिवस

सोमवार ते बुधवार यांपैकी दिवस निवडावा, म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस डॉक्टर, प्रयोगशाळा आणि औषध दुकान उघडे असतात. सकाळी लवकर निघावे. उसाचा हंगाम असेल तर कराड, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), सांगली पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगांत दीड तासाचा प्रवास तीन तासांचा होतो, आणि तेवढा वेळ एकाच कुशीवर किंवा ओल्या डायपरमध्ये राहणे वृद्ध कातडीला सोसत नाही.

निघण्यापूर्वी परिचारिका आणि घरचा माणूस या दोघांनी मिळून, आडोसा करून, डोक्यापासून टाचांपर्यंत अंग तपासावे आणि जखमा, डाग, सूज लिहून दोघांनी सह्या कराव्यात. वजन करून घ्यावे. त्या दिवशीचा शेवटचा डोस कोणत्या औषधाचा आणि किती वाजता दिला, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. एकच इन्सुलिन दोनदा दिले जाण्याचा धोका नेमका याच दिवशी असतो. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि त्याचे सेल पिशवीत आहेत का हे गाडीत बसण्यापूर्वी पाहावे. किमान पंधरा दिवसांची औषधे सोबत असावीत.

## टप्पा ८ : पहिले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे केंद्रातले वेळापत्रकच घरी पाळावे. तिथे पहाटे पाचला चहा आणि संध्याकाळी सातला जेवण असेल, तर घरीही तसेच. पाहुण्यांची रांग पहिल्या आठवड्यात थांबवावी आणि पुरणपोळीचा आग्रहही थोडा लांबवावा; मधुमेह असलेल्यांची साखर आणि गिळताना ठसका लागणाऱ्यांचा श्वास, दोन्ही या आग्रहात अडचणीत येतात.

नव्या जागी पहिल्या एक-दोन रात्री गोंधळल्यासारखे होणे समजण्यासारखे आहे. परंतु कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली, दिवसभर गुंगीत राहिली किंवा खाणे-पिणे थांबवले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीतील जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कमी झालेली साखर किंवा औषधाचा परिणाम यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बोटाने दाबल्यावरही न फिकटणारा लाल डाग पाठीवर किंवा टाचेवर दिसला तर ती जखमेची सुरुवात समजून त्या जागेवरचा भार ताबडतोब काढावा आणि तिथे चोळू नये. तातडीच्या वेळी १०८ वर रुग्णवाहिका मिळते; ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवावेत.

दुसऱ्या आठवड्यात गावातल्या उपकेंद्रात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे नाव सांगून ठेवावे, तसेच व्यक्ती एकटी राहत असेल तर पोलीस ठाण्याच्या ज्येष्ठ नागरिकांच्या यादीतही नोंद करावी. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र घराबाहेर पडणे सुरू झालेच पाहिजे. ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, देवळातले भजन, वाचनालय, किंवा निदान संध्याकाळी अर्धा तास ओट्यावर खुर्ची. चार भिंतींत टीव्हीसमोर बसवून ठेवलेला माणूस केंद्रात होता त्याहून अधिक एकटा पडतो, कारण तिथे निदान शेजारच्या पलंगावर कोणीतरी होते. स्मृतिभ्रंश असेल तर शेजारी, किराणा दुकानदार आणि कोपऱ्यावरचे रिक्षावाले यांना सांगून ठेवावे आणि खिशात पत्त्याची चिठ्ठी असू द्यावी. बाहेरून कुलूप लावून घरात कोंडणे हा उपाय नाही, आग लागली तर तो जीवघेणा ठरतो.

दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे, आणि तिसऱ्या टप्प्यातील चौकटींचा कागद समोर ठेवून भावंडांशी फोनवर बोलावे. कोणती परिस्थिती आली तर पुन्हा केंद्राचा विचार करायचा, हे सर्वांनी मिळून आधीच लिहिलेले असावे, उदाहरणार्थ वारंवार पडणे, बरी न होणारी जखम किंवा मुख्य काळजीवाहू व्यक्तीचेच आजारपण. असे लिहिलेले असले की त्या वेळी कोणी कोणाला दोष देत बसत नाही आणि निर्णय वेळेवर होतो. केंद्रातील जागा या सहा आठवड्यांपर्यंत सोडू नये. पूर्ण फी परवडत नसेल तर जागा राखण्यासाठी कमी रक्कम घेण्याविषयी व्यवस्थापकांशी बोलून पाहावे. सहा आठवड्यांनंतर ज्येष्ठ व्यक्तीला पुन्हा एकदा एकांतात पहिल्या टप्प्यातील तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर घरच्या बाजूने आले तर जागा सोडल्याचे केंद्राला लेखी कळवून, पोच घेऊन, अनामत रक्कम ज्येष्ठ व्यक्तीच्याच खात्यात परत मागावी.